प्रॅक्टिकल एथिक्सच्या निबंध स्पर्धेत उतरायचंय? बेळगाव, खानापूर, निपाणीच्या पोरापोरींसाठी

आपल्या भागातली बरीच पोरंपोरी आता मास्टर्ससाठी बाहेर जायलेत, आणि इथं राहून शिकणारीही इंग्रजी निबंध स्पर्धा शोधत असतात, पण त्यात प्रॅक्टिकल एथिक्स (म्हणजे रोजच्या व्यवहारातलं नीतिशास्त्र) हा शब्द दिसला की ‘हे फिलॉसॉफीवाल्यांचं काम’ म्हणून पान पुढं ढकलतात. मला हे अजिबात पटत नाही. बरोबर काय, चूक काय, कुणाचं किती चुकलं, कोण कुणाला काय देणं लागतं, हे प्रश्न आपल्या सीमेवरच्या घरांत रोज जेवताना निघतात. फिलॉसॉफीची डिग्री नसली तरी चालतंय, इंजिनिअरिंग, मेडिकल, कॉमर्स कुठूनही या. फक्त हे लिहायचं कसं याची पद्धत शाळेतल्या निबंधाहून वेगळी आहे, ती सांगते.

आधी पात्रता बघा, कारण इथंच निम्मे लोक वेळ घालवतात. या विषयातली सगळ्यात नावाजलेली स्पर्धा म्हणजे ऑक्सफर्डची उएहिरो प्राइझ. जपानच्या उएहिरो फाउंडेशनच्या मदतीनं ऑक्सफर्डमध्ये प्रॅक्टिकल एथिक्सचं केंद्र उभं राहिलं, त्यांचीच ही स्पर्धा. सुरुवातीला ती फक्त ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांसाठी होती, नंतर ब्रिटनमधल्या इतर विद्यापीठांत शिकणाऱ्यांनाही दार उघडलं. म्हणजे तुम्ही लीड्सला किंवा ग्लासगोला मास्टर्स करताय तर तुमच्यासाठी आहे, पण भुतरामहट्टीच्या राणी चन्नम्मा विद्यापीठात किंवा व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीच्या) एखाद्या कॉलेजात शिकताय तर ती नाही, आणि मग तुम्ही आपल्या युनिव्हर्सिटीच्या किंवा सगळ्या देशांतल्या विद्यार्थ्यांना घेणाऱ्या स्पर्धा शोधायच्या. उएहिरोची पद्धत साधारण अशी, बाकीकडं थोडी वेगळी असू शकते: अंडरग्रॅज्युएट आणि ग्रॅज्युएट (म्हणजे मास्टर्स, पीएचडीवाले) असे दोन गट, दोन हजार शब्दांच्या आसपासची मर्यादा, विषय तुमचा तुम्ही निवडायचा, आणि निवडलेल्यांना शेवटी सगळ्यांसमोर मांडणी करून प्रश्नांना उत्तरं द्यायची.

नियमांचं पान प्रिंट काढून पेन घेऊन वाचा. शब्दमर्यादेत तळटीपा धरतात का, फाईलमध्ये नाव लिहायचं की नाही (परीक्षकांना नाव कळू नये म्हणून बऱ्याचदा लिहू देत नाहीत), आधी छापलेला निबंध चालतो का, कोर्समध्ये दिलेली असाइनमेंट चालते का, एआय वापरण्याबद्दल काय म्हटलंय. आणि डेडलाईन कुठल्या घड्याळाची ते बघा, हिवाळ्यात ब्रिटन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असतं, उन्हाळ्यात साडेचार. यात अजून काही विशेष सांगण्यासारखं नाही, एकदा नीट वाचलं की झालं.

आता खरं काम, विषय.

मी कॉलेजातल्या पोरांचे ड्राफ्ट वाचते, त्यात ‘एआय शाप की वरदान’, ‘भ्रष्टाचार एक कीड’, ‘इच्छामरण योग्य की अयोग्य’ असले विषय सारखे येतात. हे विषय वाईट नाहीत, पण इतके मोठे आहेत की दोन हजार शब्दांत तुम्ही फक्त वरवरून फिरून येता, आणि वाचणाऱ्यानं त्यावर आधीच शेकडो पानं वाचलेली असतात. त्यापेक्षा असा प्रश्न धरा जो छोटा आहे, जो तुम्ही जवळून बघितलाय, आणि ज्यावर सगळी माहिती समोर ठेवल्यावरसुद्धा दोन समजूतदार माणसं भांडू शकतात. ही शेवटची अट फार महत्त्वाची. ‘गुटखा खाणं वाईट’ यावर कोण भांडणार? आणि ‘आपल्याकडं किती लोक गुटखा खातात’ हा आकडेवारीचा प्रश्न झाला, ‘गुटखाबंदी कायद्यात बसते का’ हा वकिलाचा. नीतीचा प्रश्न म्हणजे माहिती आणि कायदा दोन्ही कळल्यावरही ‘मग करावं काय?’ हे जे उरतंय ते.

आपल्या भागात असे प्रश्न किती पडलेत बघा. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे, २०११ मध्ये ते जाहीर झालं, आणि आतल्या गावांनी भरपाई घेऊन बाहेर यावं असं सरकार म्हणतंय. स्वखुशीनं या म्हणतंय. पण ज्या गावाला धड रस्ता नाही, पावसाळ्यात पेशंटला खांद्यावरनं आणावं लागतंय, तिथल्या माणसानं ‘होय, येतो’ म्हटलं तर ती स्वखुशी म्हणायची का? ज्यानं रस्ता दिला नाही तोच पैसे घेऊन उभा असेल तर त्या होकाराची किंमत काय? या एका प्रश्नावर पूर्ण निबंध होतो, आणि जंगल वाचवायलाच पाहिजे असं मानणाऱ्या माणसालाही तो गप्प बसवतो, कारण इथं जंगल नको असं कुणीच म्हणत नाही.

किंवा पूर. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत कृष्णा-घटप्रभेकाठच्या लोकांनी काय भोगलं ते सांगायला नको. धरणाचं पाणी सोडायचं ठरवणाऱ्या माणसानं आज थोड्या गावांत पाणी घालून उद्या जास्त गावं वाचवावीत का, आणि ज्यांच्या घरात मुद्दाम पाणी घातलं त्यांना नुसत्या पुरात बुडालेल्यांपेक्षा जास्त देणं लागतं का? किंवा हॉस्पिटलमधला संमतीचा फॉर्म, खानापूरकडच्या गावातली आजी, तिला कन्नडही वाचता येत नाही आणि इंग्रजीही नाही, ऑपरेशनआधी तिनं अंगठा लावला, घाईत मुलानं दोन वाक्यांत समजावलं. डॉक्टरनं नियम पाळला. पण तिनं संमती दिली का?

आणि मला सगळ्यात जवळचा वाटणारा, मराठी शाळा. आईबापाला माहिती आहे की कर्नाटकात नोकरीला कन्नड लागणार, बाहेर इंग्रजी लागणार, आणि त्यांनी पोराला मराठी शाळेतनं काढलं तर पुढच्या वर्षी ती शाळा बंद पडायच्या एक पाऊल जवळ जाणार. भाषेचं देणं आईबाप लागतात का? लागत असतील तर ते पोराच्या नावावर फेडायचा हक्क त्यांना कुणी दिला? सीमाप्रश्नावर लिहू नका असं मी म्हणत नाही, आपण त्यातच वाढलो, पण ‘बेळगाव कुणाचं’ हा निबंध परक्या परीक्षकाला भाषणासारखा वाटणार, आणि मराठी शाळेतला हा बाप त्याला आयुष्यभर लक्षात राहणार.

एक उदाहरण शेवटपर्यंत करून दाखवते, म्हणजे विचार कसा पुढं सरकतो ते कळेल. निपाणीचा तंबाखू घेऊ. बिडीचा तंबाखू, काळ्या जमिनीत, कमी पाण्यावर येणारा, पिढ्यान्‌पिढ्यांचं पीक. प्रश्न असा: तंबाखू लावणारा शेतकरी काही चुकीचं करतोय का?

बहुतेकांचा पहिला ड्राफ्ट असा असतो की तंबाखूनं कॅन्सर होतो, म्हणून लावणं चूक, पण शेतकरी बिचारा गरीब, म्हणून सरकारनं काहीतरी करावं. यात तीन वाक्यं आहेत आणि एकही जोडलेलं नाही. ‘म्हणून’ कुठनं आला ते विचारा. तंबाखू तो ओढत नाही, विकतही नाही बिडी करून, तो पीक काढतो, मग चूक त्याच्यापर्यंत पोचते कशी? हे सांगावं लागेल.

आता निपाणीच्या बाजूला कुणाशीही बोललात तर पहिलं उत्तर काय येईल? ‘मी नाही लावला तर गुजरातचा येईल की.’ आणि ते खरं आहे, बिडीचा तंबाखू तिकडंही होतो. हा बचाव हसण्यावारी नेऊ नका, तत्त्वज्ञांनी यावर गंभीरपणे लिहिलंय. बर्नार्ड विल्यम्सनं १९७३ मध्ये जॉर्ज नावाच्या एका काल्पनिक केमिस्टचं उदाहरण दिलं, ज्याला नोकरी मिळेना, घरी लहान पोरं, आणि रासायनिक शस्त्रं बनवणाऱ्या लॅबमध्ये जागा आहे, त्यानं नाही घेतली तर दुसरा एक जण घेणार जो हे काम जास्त जोमानं करील. नुसता हिशेब मांडला तर जॉर्जनं नोकरी घ्यावी असंच निघतंय, आणि विल्यम्सला म्हणायचं होतं की माणूस म्हणजे फक्त असा हिशेब नव्हे, आपल्या हातून काय घडतंय याला वेगळं वजन आहे. बघा, निपाणीचा शेतकरी आणि जॉर्ज किती जवळ आलेत. पण इथं थांबलात तर तुम्ही विल्यम्सचा सारांश लिहिला, निबंध नाही. तुमचं काम पुढं आहे.

पुढं असं. ‘मी नाही तर दुसरा’ हा बचाव शेतकऱ्याला लागू होत असेल तर व्यापाऱ्याला पण होतो, कारखानदाराला पण, टपरीवाल्याला पण, आणि मग सगळ्या साखळीत कुणीच जबाबदार उरत नाही, माणसं मात्र मरतच राहतात. हे काही पटत नाही, म्हणजे बचावात कुठंतरी खोट आहे. पण मग शेतकरी आणि कारखानदार सारखेच दोषी का? तेही मन मानत नाही. मग दोघांत फरक कुठला? माझ्या मते फरक परिणामात नाही, बाहेर पडायला काय मोजावं लागतं त्यात आहे. कारखानदार पैसा दुसऱ्या धंद्यात घालू शकतो. ज्या शेतकऱ्याला कालव्याचं पाणी मिळालंय तो ऊस लावू शकतो. ज्याची जमीन कोरडवाहू आहे आणि डोक्यावर कर्ज आहे, तो हे पीक सोडून घर चालवू शकत नाही. मग दावा असा उभा राहतो: धोक्याच्या धंद्यात ज्याला कमी किंमत मोजून बाहेर पडता येतं त्यानं आधी बाहेर पडायला हवं, आणि ज्याला पडता येत नाही त्याच्यासाठी वाट करून द्यायची जबाबदारी या धंद्यातून कर आणि नफा घेणाऱ्यांची आहे.

हा दावा एका वाक्यात बसतो, त्याला कुणीतरी नाही म्हणू शकतं, आणि तो तुमचा आहे. दावा म्हणजे हेच. इथपर्यंत पोचल्याशिवाय कॉम्प्युटर उघडू नका, कागदावर खरडत राहा.

आणि आता त्याच्यावर सगळ्यात जोरदार आक्षेप स्वतः घ्या. मला सुचणारा असा: गरीब माणसानं दुधात युरिया घातला तर आपण ‘त्याला दुसरा पर्याय नव्हता’ म्हणून सोडतो का? नाही. मग इथं का? तुम्ही म्हणाल, बिडी ओढणारा स्वतःच्या मर्जीनं ओढतो, दूध पिणाऱ्याला भेसळ माहितीच नसते, आणि पाकिटावर तर २०१६ पासून ८५ टक्के जागेत इशारा छापायचा नियम आहे. बरं, पण व्यसन लागतं ते बऱ्याचदा पोरवयात, मग मर्जी कसली? आणि बिड्या वळणाऱ्या बायका, ज्यांच्या नाकातोंडात दिवसभर ती धूळ जाते, त्यांचं काय? इथं तुमचा दावा थोडा वाकतो. वाकू द्या. ‘कोरडवाहू शेतकऱ्याचा काहीच दोष नाही’ याच्या जागी ‘दोष कमी आहे, पण पर्याय समोर आला की तो घेण्याचं बंधन त्याच्यावर आहे’ असं लिहावं लागेल. आक्षेपानं दावा बदलला हे परीक्षकाला दिसलं पाहिजे, यालाच विचार म्हणतात, आणि यावरच मार्क मिळतात असं मी खात्रीनं सांगते. नुसतं ‘काही लोक म्हणतील की... पण ते चूक आहेत’ लिहिणारे निबंध डझनानं असतात.

माहिती किती घालायची? दाव्याला लागेल तेवढी. भारतानं जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराला २००४ मध्ये मान्यता दिली, त्याच्या कलम १७ मध्ये तंबाखू पिकवणाऱ्यांना परवडणारे पर्याय द्यायची गोष्ट आहे, हे तुमच्या ‘वाट करून द्यायची जबाबदारी’ला थेट लागतंय, तर घ्या. १९८१ साली निपाणीत तंबाखूच्या भावासाठी शेतकरी हायवेवर बसले, गोळीबारात माणसं गेली, हा आपल्यासाठी केवढा मोठा इतिहास आहे, माझाही तिथं पाय अडकतो, पण निबंधात त्याला एक वाक्य मिळेल, तेसुद्धा ‘या शेतकऱ्यानं परवडणारा भाव मागितला तेव्हा त्याच्या वाट्याला काय आलं’ हे दाखवायचं असेल तरच. जिव्हाळा आहे म्हणून पान भरू नका. आणि प्रत्येक आकडा, प्रत्येक वर्ष मूळ ठिकाणी जाऊन तपासा, व्हॉट्सॅपवर आलेलं काहीही घालू नका.

लोकांशी बोलायला मात्र जरूर जा. एक रविवार काढा, निपाणीला किंवा कुठं तुमचा विषय आहे तिथं जाऊन बसा, चहा घ्या, ‘काका, तुम्हाला यात कधी वाईट वाटतंय का’ असं सरळ विचारा. कशासाठी विचारताय ते आधी सांगायचं, नाव लिहायचं नाही, गाव ओळखू येईल असा तपशील घालायचा नाही, आणि त्यांनी सांगितलेलं दुःख निबंध सजवायला वापरायचं नाही. नीतिशास्त्राचा निबंध लिहिताना एवढं तरी पाळायलाच पाहिजे. बोलण्याचा फायदा असा की आक्षेप तिथं मिळतात, पुस्तकात न सापडणारे. एखादी बाई म्हणेल, ‘बिडी बंद झाली तर माझ्या हातात येणारा पैसा बंद, मग नवऱ्याकडं हात पसरायचा’, आणि तुमचा अख्खा दुसरा भाग नव्यानं लिहावा लागेल.

मांडणीचं म्हणाल तर पहिल्या दीडदोनशे शब्दांत प्रश्न आणि दावा दोन्ही आले पाहिजेत. शाळेत आपल्याला सुभाषितानं सुरुवात करायला आणि शेवटी ‘चला तर मग आपण सर्वांनी’ म्हणायला शिकवलं, वक्तृत्व स्पर्धेत ते चालतंय, टाळ्याही पडतात, इथं दोन्ही काढा. थोर माणसांची वाक्यंही काढा, गांधीजींनी म्हटलं म्हणून एखादी गोष्ट बरोबर ठरत नाही, कारण द्यावं लागतं. जवळजवळ अर्धा निबंध तुमच्या युक्तिवादाला द्या, सातआठशे शब्द आक्षेप आणि उत्तराला, बाकी पार्श्वभूमी. आक्षेप एकदोनच घ्या पण शेवटपर्यंत न्या, पाच आक्षेपांना एकेक ओळीत उडवून लावण्यात काही अर्थ नाही.

इंग्रजीची भीती वाटणाऱ्यांना सांगते, आधी मराठीतच भांडा. खरंच. हॉस्टेलवर, घरी, बसस्टँडवर, मित्राला दावा सांगा आणि त्याला म्हणा खोडून दाखव. तुमच्या घरात कन्नड बोलणारी मामी असेल तर तिच्याशीही भांडा, दोन भाषांत टिकलेला मुद्दा तिसऱ्या भाषेतही टिकतो. मग छोट्या वाक्यांच्या इंग्रजीत लिहा. जड शब्दांनी इथं कुणी भारावत नाही. आणि आपल्याकडच्या गोष्टी परीक्षकाला माहिती आहेत असं धरू नका, बिडी म्हणजे काय, कोरडवाहू म्हणजे काय, हे एकेका वाक्यात सांगा, पण माफी मागितल्यासारखं नको आणि टुरिस्ट गाईडसारखं पण नको.

ड्राफ्ट झाला की प्रत्येक परिच्छेदाचं एक वाक्य वेगळ्या कागदावर मराठीत लिहा. ती वाक्यं ओळीनं वाचली की युक्तिवाद दिसला पाहिजे. जो परिच्छेद काढला तरी साखळी तुटत नाही, तो काढा, कितीही आवडता असू दे. मग मोठ्यानं वाचा, श्वास अडकेल तिथं वाक्य तोडा. आणि ज्याला तुमचा दावा पटत नाही अशाच माणसाला वाचायला द्या, कौतुक करणाऱ्याला नको.

एआयबद्दल, नियमात परवानगी असली तरी दावा आणि आक्षेप त्याच्याकडनं घेऊ नका. नियमासाठी नाही म्हणत. शेवटच्या फेरीत स्टेजवर उभं राहून तुम्हाला प्रश्न येणार, आणि जो मुद्दा तुम्ही स्वतः भांडून मिळवला नाही तो पहिल्या उलट्या प्रश्नालाच निसटतो. दुसऱ्याचा विचार घेतला तर नाव द्या, एका वाक्याचा का असेना, जॉर्जचं उदाहरण विल्यम्सचं आहे तर विल्यम्सचं म्हणूनच येऊ दे.

निवड झाली तर मांडणीसाठी निबंध वाचून दाखवू नका. प्रश्न, दावा, एक आक्षेप, एक उत्तर, एवढंच बोला, घड्याळ लावून प्रॅक्टिस करा. प्रश्न आला की लगेच तुटून पडू नका, तो आपल्या शब्दांत परत मांडा, ‘तुम्हाला असं विचारायचंय का’ म्हणा, दोन सेकंद घ्या. विचारणाऱ्याचं बरोबर असेल तर बरोबर आहे म्हणा आणि त्यानं तुमच्या दाव्यात नेमकं काय बदलतं ते सांगा. आपल्याकडं स्टेजवर हार मानणं कमीपणाचं वाटतं, तिथं उलट असतंय, कुठलं सोडलं आणि कुठलं धरून ठेवलं यावरनंच माणूस कळतो.

फाईल डेडलाईनच्या आदल्या दिवशी अपलोड करा, खानापूरकडं पावसाळी लाईट कधी जाईल सांगता येत नाही. मिळालेला कन्फर्मेशन मेल जपून ठेवा. निवड नाही झाली तरी तो निबंध फोल्डरमध्ये कुजवत ठेवू नका, थोडा मोकळा करून मराठीत लिहा आणि तरुण भारतच्या संपादकांना नाहीतर कॉलेजच्या वार्षिक अंकाला पाठवा, आणि ज्या काकांशी बोललात त्यांना एक प्रत नेऊन द्या, त्यांना काय पटलं नाही ते ऐकून या आणि पुढच्या वर्षीचा निबंध तिथूनच सुरू करा.